आकडा कुठे थांबवावा?

‘‘तीनशेची फाईल आणा,’’ फोटो-लॅबच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मी घरी आलो, स्कॅनरच्या पडद्यावर ‘रिझोल्यूशन’ या शब्दापुढे ३०० हा आकडा भरला, वडिलांनी काढलेल्या एका फोटोची निगेटिव्ह स्कॅन केली आणि दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह खिशात घालून त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने फाईल उघडली, एकदा माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने विचारले, ‘‘काका, पासपोर्ट साईज काढायचीय का?’’

मला काढायचा होता भिंतीवर लावण्याचा फोटो. त्या मुलाने सांगितलेले तीनशे आणि मी भरलेले तीनशे हे दोन निराळे तीनशे होते. तो म्हणत होता ते कागदाच्या प्रत्येक इंचाला तीनशे ठिपके. मी घेतले होते ते निगेटिव्हच्या प्रत्येक इंचाला तीनशे ठिपके. आणि निगेटिव्ह होती सगळी सव्वादोन इंचांची! म्हणजे तिच्यातून छापून येणार तोही सव्वादोन इंचांचाच फोटो. ज्याने बँकेत उभी हयात दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल शाईने खुणा केल्या, त्याला साठी उलटल्यावर त्रैराशिक चुकल्याबद्दल विशीतल्या पोराकडून धडा मिळावा, याला काय म्हणावे? पण धडा चांगला होता. तो कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून, आणि त्यातून पुढे जे उपटले ते सांगावेसे वाटते म्हणून, हा लेखनप्रपंच.

या उद्योगात मी हौसेने पडलो नव्हतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीतले आयर्विन पुलाजवळचे पाणी आपण सगळेच टीव्हीवर पाहत होतो. गावभागात माझ्या धाकट्या आत्येबहिणीचे घर आहे. माणसे वेळेत बाहेर पडली, हे नशीब. पाणी ओसरल्यावर ती परतली तेव्हा कपाटातले चारही अल्बम विटांसारखे घट्ट झाले होते आणि भिंतीवरच्या फ्रेममधल्या तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, फोटोचा नुसता करडा लगदा उरला होता. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो, आणि तसाच वाळला की समोरच्या फोटोला कायमचा चिकटतो. भिजलेले फोटो वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक करून हलक्या हाताने सोडवायचे असतात. पण हे तिला कोण सांगणार? तिने बिचारीने चांगल्या समजुतीने ते अल्बम उन्हात टाकले होते.

महिन्याभराने तिचा फोन आला. ‘‘दादा, मामांच्या निगेटिव्ह आहेत का रे तुझ्याकडे?’’

होत्या. आमच्या नानांकडे आग्फा कंपनीचा ‘क्लिक थ्री’ होता. त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच, तर बहुधा हाच असे. १२० नंबरचा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो. भिंग अगदी साधे. नाना कधी परदेशी रोल घालत, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटांत घालून, पाकिटांवर पेन्सिलीने तारखा टाकून त्यांनी त्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. तो डबा चार घरे बदलून माझ्याकडे आला होता. मोजल्या, तर नऊशेच्या आसपास भरल्या. त्यातल्या काहींत आत्या असणार होती. ती गेली १९७३ साली. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि ही बहीण जेमतेम सहा वर्षांची.

मुलाने मला स्कॅनर आणून दिला. निगेटिव्ह ठेवण्याची सोय असलेला, सपाट काचेचा. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ६४०० हा आकडा होता. लॅबमधल्या फजितीनंतर मी सूडाने पेटल्यासारखा दुसऱ्या टोकाला गेलो. ६४०० भरले, ‘रंगीत’ म्हटले, ‘१६ बिट’ म्हटले आणि बटण दाबले. यंत्र बराच वेळ कुरकुरत राहिले. एका सव्वादोन इंची काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हची सुमारे वीस कोटी ठिपक्यांची, सव्वा गिगाबाइटच्या घरातली फाईल तयार झाली. ती उघडताना संगणकाने मान टाकली. अशा नऊशे फाईली म्हणजे एक टेराबाइटची हार्डडिस्क एका डब्यातच भरली! आणि एवढे करून दिसले काय? दाराच्या कडीवर झूम करत गेलो, तर कडी मोठी होत गेली, पण जास्त स्पष्ट काही होईना. धुके मोठे करून पाहिले म्हणजे मोठे धुके दिसते, तसे.

तेव्हा माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. बँकेत कॅश क्रेडिट खात्याला एक मंजूर मर्यादा असते. समजा दहा लाख. गिऱ्हाईकाला वाटते, आपल्याला दहा लाख मिळाले. पण पैसे उचलता येतात ते गोदामात माल किती आणि वसूल होण्यासारखे येणे किती, यावर. त्याला आम्ही ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणतो. मर्यादा दहाची आणि माल चारचा, तर मिळणार चाराच्याही आतले. स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा ही मंजूर मर्यादा आहे. गोदामात माल किती आहे हे तीन गोष्टींवर ठरते: फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंग, फिल्मवरचे कण आणि खुद्द स्कॅनरचे भिंग. या तिघांत जो दुबळा असेल त्याचेच चालते. घरगुती सपाट स्कॅनरवर ६४०० छापलेले असले तरी त्यातून मिळणारा खराखुरा तपशील दोन-अडीच हजारांच्या पुढे क्वचितच जातो. केवळ फिल्मसाठी बनवलेले स्कॅनर याहून पुष्कळ सरस. निकॉनच्या ‘कूलस्कॅन’वरचा ४००० हा आकडा बऱ्याच अंशी खरा होता. पण निकॉनने ते बनवणे केव्हाच थांबवले आणि आता ते जुन्या बाजारात शोधावे लागतात.

मग आकडा ठरवायचा कसा? उलट्या बाजूने. आधी विचारायचे, मला फोटो केवढा छापायचा आहे? हातात धरून, वीतभर अंतरावरून पाहायच्या फोटोला इंचाला तीनशे ठिपके लागतात. त्याहून बारीक ठिपके आपल्या डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत. म्हणून फोटोची लांबी इंचात घ्यावी, तिला तीनशेने गुणावे आणि निगेटिव्हच्या लांबीने भागावे. संपले. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब, म्हणजे सुमारे १.४ इंच. तिच्यातून ४ बाय ६ चा फोटो हवा, तर सहा गुणिले तीनशे, अठराशे; भागिले १.४, म्हणजे तेराशेच्या आत-बाहेर. ८ बाय १२ हवा, तर अडीच हजारांच्या किंचित वर. १२ बाय १८ हवा, तर ३८०० च्या पुढे. नानांची निगेटिव्ह मोठी, ५६ मिलिमीटरची, म्हणजे २.२ इंच. तिच्यातून ८ बाय ८ ला ११०० पुरतात आणि १२ बाय १२ लासुद्धा साडेसोळाशे. मी भरले होते ६४००. लग्नाला पन्नास पाने आणि आचाऱ्याला सांगितले पाचशे!

हे तीनशेही काही वेदवाक्य नव्हे. ते हातात धरायच्या फोटोसाठी आहे. भिंतीवरचा फोटो आपण पाच-सहा फुटांवरून पाहतो, तिथे दीडशे पुरतात. रस्त्याकडेच्या मोठ्या फलकाजवळ जाऊन कधी पाहा. चण्याएवढे ठिपके असतात, आणि तरी रस्त्यावरून पुढाऱ्यांच्या मिशा व्यवस्थित दिसतात. तेव्हा फोटो केवढा, इतकेच विचारून भागत नाही. तो कुठून पाहायचा, हेही विचारावे लागते.

त्रैराशिकाने आकडा निघाला, तरी गोदामात तेवढा माल आहे की नाही याची तपासणी उरतेच. तीही सोपी आहे. एखादी चांगली निगेटिव्ह घ्यावी. चेहरा, साडीचा काठ, पाटीवरची अक्षरे असे काही बारीक ज्यात आहे ती. तिचा तेवढाच तुकडा १२००, २४०० आणि ४८०० अशा तीन आकड्यांनी स्कॅन करावा आणि तिन्ही तुकडे पडद्यावर सारख्याच आकाराचे करून शेजारी शेजारी ठेवावेत. १२०० आणि २४०० मध्ये फरक दिसला आणि २४०० आणि ४८०० मध्ये दिसला नाही, तर तुमचा आकडा २४००. पुढचे सगळे ओझे. माझ्या यंत्राने आणि नानांच्या कॅमेऱ्याने मिळून २४०० वर हात टेकले. फोटो काळे-पांढरे असल्यामुळे रंगाची भरती काढून टाकली. १६ बिट मात्र ठेवले. कारण ८ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात आणि १६ बिटांत पासष्ट हजारांवर. काळवंडलेली निगेटिव्ह उजळताना या जादा पायऱ्या कामी येतात, नाहीतर आभाळात पट्टे उमटतात. सव्वा गिगाबाइटची फाईल आता छप्पन्न मेगाबाइटवर आली. नऊशे निगेटिव्हचे पन्नास गिगाबाइट. हा हिशेब माझ्या पेन्शनीला आणि संगणकाला दोघांनाही मानवला.

इथवर सगळे गणित होते. खरी अडचण पुढे आली.

आत्याचा एकटीचा फोटो त्या नऊशेत एकही नव्हता. नानांनी बहिणीला टिपले नव्हते असे नाही. मुंजीत, डोहाळजेवणात, अंगणातल्या पापडांच्या वाळवणापाशी, अशी ती एकवीस ठिकाणी सापडली. पण सगळीकडे कडेला. कोणाच्या तरी मागे, किंवा हातात परात घेऊन चौकटीतून बाहेर निघालेली. त्या पिढीतल्या बायकांचे फोटो तुमच्या घरीही असतील तर काढून पाहा. पुरुष खुर्चीत असतात, मुले मांडीवर असतात आणि बाई चहा आणायला गेलेली असते. त्यातल्या त्यात बरा फोटो १९७० सालचा निघाला. अंगणात पाचजण उभे आहेत आणि डावीकडून दुसरी आत्या, चक्क कॅमेऱ्याकडे पाहणारी. मी पट्टी लावून मोजले. निगेटिव्हवर तिचा चेहरा हनुवटीपासून भांगापर्यंत सहा मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढा!

इथे मघाचे त्रैराशिक बदलते. आता निगेटिव्हची लांबी २.२ इंच नाही. मला हवा तो भाग पाव इंचाचाही नाही. २४०० च्या हिशेबाने त्या चेहऱ्याच्या वाट्याला येतात साडेपाचशे-पावणेसहाशे ठिपके. इंचाला तीनशेप्रमाणे छापले तर चेहरा दोन इंचांचाही होत नाही. जवळून पाहायच्या ५ बाय ७ ला ठीक. भिंतीसाठी थोडी ढील घेतली तर ८ बाय १०, त्यात चेहरा तीन इंचांचा. त्यापुढे गेले की धुके. बहिणीला हवा होता १२ बाय १८. पुरात गेलेली फ्रेम तेवढी होती.

अशा वेळी घरातली तरुण पिढी मदतीला धावून येते. बहिणीच्या मुलाला मी तो तुकडा पाठवला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, ‘‘मामा, बघ आजी कशी एचडी आली!’’ त्याने मोबाईलमधल्या कुठल्याशा अॅपला ते धुके खाऊ घातले होते आणि अॅपने एक लख्ख चेहरा काढून दिला होता. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका लख्ख. डोळे पाणीदार, ओठ रेखीव, कातडी सिनेमातल्या नटीसारखी नितळ. बहीण फोनवर रडतच होती. ‘‘दादा, आई किती सुंदर होती रे!’’

मी पडद्यावरच्या त्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिलो. बाई सुंदर होती यात शंका नाही. ती कोणाची तरी आत्या असेलही. माझी नव्हती.

आत्याच्या हनुवटीवर गोंदण होते. तीन ठिपक्यांचे. मी लहान असताना तिच्या मांडीवर बसून त्या ठिपक्यांवर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन’ मोजत असे, आणि तिसऱ्या ठिपक्याला ती माझे बोट दातांत पकडल्यासारखे करी. अॅपने ते ठिपके फोटोवरचा मळ समजून पुसून टाकले होते. मी पुन्हा मूळ स्कॅन उघडला. तिथे होते. एकेक ठिपका आठ-आठ पिक्सेलांचा. कडा विरलेल्या, पण जागच्या जागी, अगदी तीन. मी पहिल्या दिवशी भरलेल्या ३०० या आकड्याने ती निगेटिव्ह स्कॅन झाली असती, तर एकेका ठिपक्याला एकेक पिक्सेल मिळाला असता आणि मीसुद्धा त्यांना धूळच समजलो असतो.

भाच्याशी माझा वाद झाला. गोड वाद, पण झाला. तो म्हणाला, ‘‘मामा, पूर्वीचे स्टुडिओवाले काय करायचे? तेही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचेच ना?’’ मुद्दा बिनतोड होता, कारण पुरात गेलेली ती फ्रेमच तशी होती. आत्या गेल्यावर कुठल्याशा गटफोटोतून चेहरा मोठा करून एका स्टुडिओने ती करून दिली होती. रंगवून, गुळगुळीत करून. त्यातही गोंदण नव्हते. म्हणजे माझ्या बहिणीने पन्नास वर्षे ज्या चेहऱ्याला नमस्कार केला, तो आधीच एका पेन्सिलीने पुसलेला होता. पण मला त्या कारागिरात आणि या अॅपमध्ये एक फरक दिसतो. कारागीर समोरच्या चेहऱ्यावरच्या रेषा कमी करत असे. चेहरा त्याच माणसाचा राही. अॅप जे चेहरे शिकले आहे त्यांच्यावरून इथे काय असायला हवे होते याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज फोटो म्हणून आपल्या हातात देते. माहिती जिथे संपते तिथे त्याने निदान थांबून सांगावे, की यापुढचे माझे आहे. ते सांगत नाही.

बँकेत मार्चअखेरीस एक खेळ चाले. एकतीस तारखेपुरत्या ठेवी फुगवायच्या, ताळेबंद गोबरा दिसला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या जिथल्या तिथे. ‘विंडो ड्रेसिंग’ असे त्याचे गोंडस नाव. मी स्वतः ते पाहिले आहे आणि तरुणपणी त्यावर सहीही केली आहे. आज लपवून काय करू? स्कॅनरच्या यादीत ६४०० च्याही पुढे १२,८०० असा एक आकडा असतो. तो त्याच जातीचा. यंत्र मधले ठिपके पाहत नाही, शेजारच्या दोघांची सरासरी काढून भरते. ते अॅप म्हणजे या खेळाची फारच हुशार आवृत्ती. करमणुकीसाठी खुशाल वापरा. बारशाच्या आमंत्रणावर आजोबांना तरुण करा. माझी हरकत एवढीच आहे, की तो फोटो देवघराशेजारच्या भिंतीवर लावू नका आणि अल्बममध्ये मूळ म्हणून ठेवू नका. आपल्यानंतरच्यांना सांगणारे कोणी उरलेले नसते. या घरात ‘आत्याला गोंदण होते’ हे सांगणारा आता मी एकटाच आहे, आणि मी काही कायमचा नाही.

आता उलट बाजूची माझी चूकही सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. २००५ साली आमच्या लग्नाचे रोल मी एका दुकानात देऊन सीडी करून आणली. पडद्यावर फोटो झकास दिसले. ‘आता कशाला हव्यात निगेटिव्ह,’ म्हणून घर आवरताना त्या मी रद्दीत टाकल्या. त्या फाईली १५०० बाय १००० ठिपक्यांच्या आहेत. इंचाला तीनशेने ४ बाय ६ सुद्धा पुरता होत नाही. तेव्हाच्या पडद्याला त्या पुरल्या. आजच्या टीव्हीवर अंतरपाट फाटका दिसतो. दोष दुकानदाराचा नाही. त्याने मागितले ते दिले. निगेटिव्ह टाकल्या मी. म्हणून हात जोडून सांगतो, स्कॅन कितीही उत्तम झाला तरी निगेटिव्ह टाकू नका. उद्याचे यंत्र आजच्याहून चांगले येईल, पण त्याला दाखवायला मूळ तर पाहिजे! २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि आपल्या सिनेमाच्या आरंभकाळातला मोठा ठेवा जळाला. सरकारी तिजोरीत होत्या त्या फिल्म्स. आपल्या घरच्या निगेटिव्ह नायट्रेटच्या नसतात आणि अशा पेट घेत नाहीत. पण त्याही मरतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे असे समजावे आणि त्या निगेटिव्ह आधी उरकाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरते. कोरडी जागा, सिलिका जेलच्या पुड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकीट एवढे तरी करता येते.

कामाचा क्रम म्हणाल, तर माझा असा ठरला. नऊशे निगेटिव्ह एका आकड्याने झोडपायच्या नाहीत. एका निगेटिव्हला पाच मिनिटे धरली तरी पंचाहत्तर तास होतात. रोज तासभर बसले तर अडीच महिने. आधी सगळ्या ट्यूबलाइटवर धरून पाहायच्या. हलक्या आकड्याने, बाराशेने, सगळ्यांची नोंद करायची. ती आपली वही. त्यातल्या ज्या छापायच्या, किंवा ज्यांत एखादा दुर्मिळ चेहरा कडेला उभा आहे, त्या पूर्ण ताकदीने. मूळ फाईल टिफमध्ये, कारण जेपेगमध्ये जागा वाचते ती काही माहिती कायमची सोडून. वाटायच्या प्रती खुशाल जेपेगमध्ये. प्रत दोन ठिकाणी ठेवायची आणि त्यातले एक ठिकाण नदीपासून लांब. धूळ काढण्याचे इन्फ्रारेड तंत्र काही स्कॅनरमध्ये असते. ते रंगीत फिल्मवर छान चालते. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये खरी चांदी असते, ती इन्फ्रारेड किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. तिथे हवेचा फुगा, मऊ ब्रश आणि आपला धीर एवढीच साधने.

आणि नावे लिहून ठेवा. रिझोल्यूशनचा कुठलाही आकडा हे काम करत नाही. त्या अंगणातल्या पाचजणांपैकी उजवीकडचे गृहस्थ कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही. नानांनी पाकिटावर तारीख टाकली, ठिकाण टाकले. नावे टाकली नाहीत. त्यांना वाटले असेल, ही काय विसरायची माणसे आहेत?

शेवटी आत्याचा फोटो ८ बाय १० चा केला. १२ बाय १८ च्या फ्रेममध्ये भोवती रुंद पांढरा माउंट घालून बसवला. धूळ आणि ओरखडे काढले, उजेड-अंधार सारखा केला. चेहऱ्याला हात लावला नाही. लॅबमधल्या त्याच मुलाने छापला. छापून झाल्यावर म्हणाला, ‘‘काका, हनुवटीवर डाग राहिलाय, काढू का?’’ मी म्हटले, ‘‘नको रे बाबा.’’

सांगलीला मी स्वतः घेऊन गेलो. बहिणीने कागद सोडवला, चष्मा पुसून पुन्हा लावला. फोटो त्या अॅपइतका लख्ख नाही, हे तिलाही दिसत होते. काही बोलली नाही. मग बोट पुढे करून काचेवर ठेवले आणि विचारले, ‘‘हे काय रे?’’ मी सांगितले. मोजण्याचा खेळही सांगितला. ती म्हणाली, ‘‘माझ्याशी पण खेळली असेल.’’

मग तिच्या मुलाने स्टूल आणले. गावभागातल्या त्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ रंग देऊनही अजून पुसट दिसते. बहिणीने त्या रेघेच्या हातभर वर खिळा मारायला लावला, जवळजवळ छताला. मी म्हटले, ‘‘अगं, इतक्या उंच लावलास तर नीट दिसायचा कसा?’’

‘‘राहू दे तिथे,’’ ती म्हणाली.

तेवढ्या उंचीवर इंचाला तीनशे काय आणि दीडशे काय, सारखेच. मी वाद घातला नाही.